पाहुणे आले हो, वहिनी

आमच्या दुकानात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर लाल अक्षरात ‘एकच भाव’ अशी पाटी दिसते. ती मी स्वतः उभं राहून रंगवून घेतली आणि अकोल्यातल्या एकाही माणसाने ती आजवर मनावर घेतलेली नाही. वाचतात सगळे. वाचून झाल्यावर पाटीकडेच बोट दाखवून विचारतात, “ते त झालं बाई, पण आमाले कितीले पडंन?”

माझं माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं. जठारपेठेतलं हे साड्यांचं दुकान सासऱ्यांनी उभं केलं. त्यांचे गुडघे गेल्यावर गल्ल्यावर मी बसायला लागले. नवऱ्याने मधल्या काळात अमरावतीला दुसरं दुकान काढलं. तेव्हापासून अमरावतीचं दुकान तो बघतो, अकोल्याचं मी बघते आणि मधल्या रस्त्याचे खड्डे आम्ही दोघं मिळून बघतो. दुकानदारी म्हणजे बसून पैसे मोजणं, असं माझ्या माहेरच्यांना अजूनही वाटतं. एक दिवस येऊन बसा म्हणावं.

पूर्वी गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातला भाव सांगून घासाघीस करायचं, ते एकवेळ ठीक होतं. शेजारच्याला मी ओळखते, तो किती थापा मारतो तेही मला माहीत आहे. आता बाई साडी पूर्ण उलगडायला लावते, पदर खांद्यावर टाकून आरशात तीनदा वळून बघते, मग पर्समधून मोबाइल काढते आणि तीच साडी त्यात दाखवते. “हे पहा, इथं किती कमी हाये.” मी म्हणते, मग तिथूनच घ्या. तर म्हणते, “तिथं हात लावून पाहता येत नाही ना वं बाई.” म्हणजे हात लावायला आम्ही, घडी मोडायला आम्ही, आणि धंदा करायला तो मोबाइलमधला. अशा वेळी मला जे बोलावंसं वाटतं ते मी गिळते, आणि संध्याकाळी नवऱ्याला फोनवर ऐकवते.

त्याहून जास्त संताप मला मॉलचा येतो. मॉलचा म्हणजे मॉलमध्ये जाणाऱ्यांचा. याच बाया तिथे ढकलगाडी घेऊन मुकाट रांगेत उभ्या राहतात. मशीन टुक करून जो आकडा सांगेल तो देतात. तिथल्या पोराला एकही जण म्हणत नाही की भाव बरोबर लाव. आणि माझ्या दुकानाची पायरी चढली की त्यांना कंठ फुटतो.

मी एकदा हिंमत करून पाहिली होती. टॅगवरचा वाढवलेला भाव काढून टाकला आणि खरा लिहिला. आमच्या धंद्यात टॅगवर थोडी जागा ठेवावी लागते, कमी करून द्यायला. मला माहीत असतं, गिऱ्हाइकाला माहीत असतं, कोणीच कोणाला फसवत नसतं. ती जागा मी काढली आणि पाटी लावली. परिणाम असा की लोकांनी खऱ्या भावातूनही कमी करून मागितलं, आणि मी नाही म्हटल्यावर ‘पाहून येतो’ म्हणून गेलेले परत आले नाहीत. महिन्याभरात टॅग पुन्हा पूर्वीसारखे झाले. पाटी मात्र काढली नाही, तिला पैसे पडले होते.

गिऱ्हाइकाचं हे असं. आता माझ्या माणसांचं सांगते.

लग्नसराईत साड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, हे सगळ्यांना कळतं. माझ्याकडे काम करणाऱ्यांच्या घरची लग्नंही त्याच लग्नसराईत असतात, हे मला दरवर्षी नव्याने कळतं. आमचा जुना सेल्समन आहे, त्याला सगळे भाऊ म्हणतात. चांगला माणूस. पण ऐन गर्दीच्या दिवशी सकाळी फोन येणार, “वहिनी, साळ्याच्या साडभावाच्या पोराची हळद हाये, जा लागते.” साळ्याच्या साडभावाचा पोरगा म्हणजे याचा कोण, हे मी हिशेब करेपर्यंत फोन ठेवलेला असतो. मी कधी रागावले तर तो शांतपणे म्हणतो, “लग्नं नसती त साड्या कोणाले इकल्या असत्या?” हे खरं असतं, म्हणून जास्त राग येतो.

आणि मावशी. मावशी माझ्या लग्नाच्या आधीपासून या दुकानात होत्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, ऑटो चालवतात, सकाळी त्यांना दारात सोडून पुढे स्टेशनकडे जायचे. मावशींचा आवाज असा की रस्त्यापलीकडच्या बाईला वाटावं आपल्यालाच बोलावलं. गिऱ्हाइकाने हातात घेतलेली साडी त्या सरळ काढून घ्यायच्या, “हे नको घेऊ माय, हे तुह्यावर खुलत नाही,” आणि त्याहून महागाची हातात द्यायच्या. ती बाई तीच घेऊन जायची आणि पुढच्या वेळी बहिणीला घेऊन यायची. माझ्यावर जितक्या बाया विश्वास ठेवत नसत तितक्या मावशींवर ठेवत. मला याचा थोडा हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मावशींची एकच खोड होती. दुकानात आलेलं प्रत्येक माणूस त्यांचं नातेवाईक निघायचं.

एखादा दर्यापूरकडचा माणूस बोलता बोलता म्हणायचा, आमची आत्या तुमच्या गावात दिली. झालं. मावशी तिथूनच गल्ल्याकडे ओरडायच्या, “वहिनी, हे आपले घरचेच होत बरं, बरोबर लावजा!” अख्खं दुकान माझ्याकडे बघायचं. तो माणूसही हात जोडून हसायचा. आता नाही म्हटलं तर चारचौघांत मावशींचं नाक कापलं जाणार, हो म्हटलं तर माझा नफा जाणार. त्यांचं पाहून भाऊही शिकला. मग हिशेबावर बसणारी मुलगी शिकली. एका शनिवारी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून दुकानात परका माणूस एकही आला नव्हता, सगळे घरचेच आले होते.

त्याच सुमारास अमरावतीला व्यापाऱ्यांसाठी एक शिबिर झालं. नवऱ्याने माझं नाव दिलं, स्वतः गेला नाही. ब्लेझर घातलेला एक गृहस्थ दिवसभर पडद्यावर जपानी कारखान्यांचे फोटो दाखवत होता. जेवण बरं होतं. त्याच्या बोलण्यातली एकच गोष्ट मला पटली, की गिऱ्हाइकासमोर आपल्या माणसाला नाही म्हणू नये, आपसात खुणेचे शब्द ठरवून घ्यावे.

येताना बसमध्ये मी शब्द ठरवले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी सगळ्यांना गादीवर बसवून समजावलं. खरंच कोणाला कमी करून द्यायचं असेल तर म्हणायचं ‘घरचे आहेत’. आणि जो नुसताच गळ्यात पडतो, ओळख काढतो, त्याला म्हणायचं ‘पाहुणे आहेत’. पाहुणे म्हटलं की पाणी द्यायचं, चहा द्यायचा, गोड हसून बोलायचं आणि टॅगवरचा भाव एक रुपयाने खाली आणायचा नाही.

मावशी ब्लाउज पीसच्या घड्या नीट करत बसल्या. भाऊने मात्र विचारलं, “आणि वहिनी, खरेच पाहुणे आले त?”

“खरे पाहुणे घरी येतात, भाऊ. दुकानात कशाला येतील?” मी म्हटलं.

हे मी असं म्हटलं होतं हे भाऊ विसरलेला नाही, आणि मलाही विसरू देत नाही.

युक्ती चालली, नुसती चालली नाही, धावली. ‘पाहुणे आले हो, वहिनी!’ अशी हाक ऐकली की गिऱ्हाईक सरळ बसायचं. बाया पदर सावरायच्या. हातात चहाचा कप आल्यावर कमी करा म्हणायला माणसाची जीभ जड होते. टॅगवर जी जागा ठेवलेली असायची ती अख्खी आमच्याकडे राहायची आणि गिऱ्हाईक मान मिळाला म्हणून खूष होऊन जायचं. नवरा म्हणाला, अमरावतीलाही हेच सुरू करतो. त्याने माझं कौतुक करावं असे प्रसंग फार नाहीत, त्यामुळे मी तो सीझन जरा तोऱ्यातच होते.

त्याच सीझनला मावशींच्या मुलीचं जमायला आलं होतं. मुलगी एका तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. स्थळ अकोटकडचं. घरचा भाजीपाल्याचा मळा, मुलगा एका कंपनीत, आणि मुलाची आई स्वतः अकोटच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. मुलगी पाहून झाली होती, दोन्हीकडून पसंती होती, साखरपुड्याची तारीख तेवढी धरायची बाकी होती. मावशी रोज नवी बातमी आणायच्या. मला सगळं पाठ झालं होतं. त्या माणसांचे चेहरे मात्र मी पाहिलेले नव्हते. खरं सांगायचं तर साखरपुड्याच्या, हळदीच्या, लग्नाच्या सुट्ट्या मावशी कधी मागतील याचीच धास्ती माझ्या मनात जास्त होती.

त्या दिवशी दुपारी कूलर बंद पडला होता. हिशेबावरची मुलगी रजेवर. एक बाई पाच साड्यांच्या घड्या मोडून ‘पाहून येतो’ म्हणून गेली होती. फोनवर नवरा अमरावतीचा माल का पाठवला नाही म्हणून माझ्यावर ओरडत होता. तेवढ्यात दोघी जणी पायरी चढून आत आल्या. एक वयस्क, सुती लुगडं, कंबरेला बटवा. दुसरी तिची सून वाटत होती. एसटीतून उतरून उन्हात चालत आल्या असाव्यात, दोघींचे चेहरे लाल झाले होते.

ब्लाउज पीसच्या कोपऱ्यातून मावशींचा आवाज आला, “वहिनी, पाहुणे आले हो! आपले पाहुणे!”

आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता. मला वाटलं, मावशींनी आज फारच मनावर घेतलं. मी फोन कानाला लावूनच मान हलवली. मावशींनी घाईघाईने डोक्यावरून पदर घेतला, दोघींना गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “बसा माय, मी आलीच. भाऊ, चांगल्या साड्या दाखव पाहुण्यायले.” आणि स्वतः बाहेर पळाल्या. एरवी चहा टपरीवाल्याचा पोऱ्या आणतो. मावशी स्वतः गेल्या, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

भाऊने साड्या टाकल्या. वयस्क बाईने फार वेळ लावला नाही. एक जांभळी, हिरव्या काठाची निवडली. सुनेला विचारलं, “हे त्यायले चांगली दिसंन काय?” सून हो म्हणाली. भाऊने टॅगवरचा भाव सांगितला.

बाई हसून म्हणाली, “बरोबर लावा ना बापा. आमी तुमच्या या बाईचे पाहुणे होय.”

भाऊही हसला. “तुमी पाहुणे हा म्हणूनच त हा भाव हाये, काकू.”

बाईचं हसू जरा थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. “मालकीनबाई, तुमीच सांगा आता.”

मी फोनवर हात ठेवला आणि अशा वेळेसाठी जो गोड आवाज राखून ठेवला होता तो काढून, हसत म्हटलं, “पाहुण्यांसाठी आमच्याकडे एकच भाव असतो हो, काकू.” वर पाटीकडेही बोट दाखवलं.

त्या बाईने दाराकडे पाहिलं, मावशी गेल्या होत्या तिकडे. मग बटव्यातून पैसे काढले, गल्ल्यावर ठेवले, पिशवी घेतली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. आमच्या वऱ्हाडातली बाई भाव न करता पैसे देते तेव्हा तिला एक तर घाई असते, नाही तर ती दुखावलेली असते. यांना घाई दिसत नव्हती. पण मी पैसे मोजून गल्ल्यात टाकले आणि नवऱ्याला म्हटलं, हं, बोल. मागून सून म्हणाली, “चला आत्याबाई, गाडी भेटंन,” आणि दोघी गेल्या.

मावशी आल्या त्या हातात चहाची किटली आणि गरम कचोऱ्यांचा पुडा घेऊन. चांगली कचोरी जरा लांब मिळते, तिथपर्यंत जाऊन आल्या होत्या. धापा टाकत होत्या.

“गेल्या? काहून गेल्या?”

“गेल्या ना,” भाऊ छाती फुगवून म्हणाला. “पुऱ्या भावात देली. जांभळी, हिरव्या काठाची. एक रुपया कमी नाही केला, विचारा वहिनीले.”

इतक्या वर्षांत माझ्या दुकानात माझा कुठलाही नियम कोणी धड पाळला नव्हता. पाळला तो त्या दिवशी.

मावशी किटली घेऊन तशाच गादीच्या कडेला बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “अकोटच्या होत्या त्या. माही होणारी विहीन होती.” किटली खाली ठेवून म्हणाल्या, “फोनवर म्हने, साखरपुड्यात तुमाले साडी करतो, तुमच्याच दुकानातून घेऊ. ते साडी माह्यासाठीच नेली त्यायनं.”

मला सगळ्यात आधी राग आला. वाईट नंतर वाटलं. मी म्हटलं, “मावशी, मग ‘घरचे’ म्हणायचं होतं ना! शब्द ठरला होता आपला!”

मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी काहीतरी अशुभ बोलले. “घरचे कशे म्हणू, वहिनी? साखरपुडा व्हाचा हाये अजून. सोयरिक पक्की होईस्तोर पाहुणेच म्हनतात ना?”

बरोबर होतं. कोणत्याही वऱ्हाडी घरात असंच म्हणतात. मीही माझ्या नणंदेच्या वेळी असंच म्हटलं होतं. माझ्या डोक्यात शब्द ठरवताना गिऱ्हाईक होतं, टॅग होता, नफा होता. पाहुणे म्हणजे पाहुणे हे मी एकटीच विसरले होते.

दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, ‘विचार करून कळवतो’. ठरत आलेल्या लग्नात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. अकोटला काय बोलणं झालं तेही त्याने मावशींच्या मालकांना सांगितलं. पैशाचं काहीच नव्हतं. भाजी विकणारी बाई, तिला भाव कळत होता, आणि भावावर अडून बसणाऱ्यांचा तिला रागही नव्हता. ती म्हणाली होती, “भाव कराची येळ आली तशी बाई पळून गेली. इतले वर्ष ज्या दुकानात काम करते तिथं तिच्या शब्दाले मोल नाही. आन् आपन कोन म्हनून गेलो, त मालकीन हसते.”

मी हसले होते. गोड हसायचं, हा माझाच नियम.

मावशी कामाला आल्या नाहीत. नवरा फोनवर म्हणाला, “रिफंड देऊन टाक ना, विषय मिटव.” नवऱ्याचे सगळे विषय असेच मिटतात. मी भाऊवर दुकान टाकून मावशींच्या घरी गेले. मुलगी लॅबमध्ये गेली होती, मालक ऑटोवर. मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि चहा ठेवला. तो चहा मला कसा गेला ते मलाच ठाऊक.

मी म्हटलं, मी येते तुमच्यासोबत अकोटला. मी समजावून सांगते.

“काय सांगसान?” मावशी म्हणाल्या. “का आमच्या दुकानात पाहुना म्हंजे लुटाचा मानूस? हे सांगसान?”

मी म्हटलं, मग वरचे पैसे परत पाठवते.

“मंग त भिकारीच समजले म्हनतीन. राहू द्या वहिनी. मी जातो त्यायच्याकडे, मीच सांगतो.”

मी पगार वाढवायचं बोलले. दुकानदाराची जात, दुसरं काय सुचणार. मावशींनी तांदळातून एक खडा काढून बाजूला ठेवला. रागावल्यासुद्धा नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मलाही चार शब्द बोलता आले असते आणि भांडून आम्ही दोघी मोकळ्या झालो असतो. मला भांडता येतं, हे असं गप्प बसणं मला झेपत नाही.

पुढचं मला भाऊकडून कळलं. मावशी आणि मालक दोघं अकोटला जाऊन आले. सोयरिक राहिली. मावशींनी तिथे जाऊन युक्ती-बिक्ती काही सांगितली नाही, माझी बदनामीही केली नाही. एवढंच म्हणाल्या, “ते दुकान मी सोडलं.” त्यावर विहीण उठून आत गेली, तिने साखर आणली आणि मावशींच्या हातावर ठेवली.

म्हणजे झालं सगळ्यांचं चांगलंच. माझी मावशी तेवढी गेली.

त्यांच्या जागी मी दोन मुली ठेवल्या. एक गिऱ्हाइकाला कपाटाकडे न बघताच ‘नाही आहे’ म्हणते. दुसरी बघते, पण मोबाइलमध्ये. जुन्या बाया येतात आणि दारातूनच विचारतात, “ते मावशी कुठं गेली?” मी सांगते, पुलापलीकडच्या मोठ्या शोरूममध्ये. मग त्या साड्या घ्यायला तिकडे जातात. हे मला कळतं तरी मी सांगते, कारण खोटं सांगितलं तर भाऊ तोंड वाकडं करतो.

एकदा मीच त्या शोरूममध्ये गेले होते, भाव बघायला जाते असं स्वतःला सांगून. मावशी निळा कोट घालून उभ्या होत्या. दिवसभर बसायचं नाही असा तिथला नियम. मला पाहून आधी हसल्या. मी विचारलं, कसं आहे इथे? “बरं हाये, वहिनी. मशीन भाव सांगते. कोनी कोनाचं नाही, काही झंझट नाही.” त्यांचा आवाज तिथे लहान झाला होता, बाजूच्या बाईलाही ऐकू जाणार नाही इतका. मी काहीच न घेता परत आले आणि त्या दिवशी भाऊवर विनाकारण ओरडले.

खुणेचे शब्द मी बंद केले. म्हणजे बंद केले असं जाहीर केलं. भाऊच्या तोंडातून ते काही जात नाहीत.

तुळशीचं लग्न झालं आणि पुन्हा गर्दी सुरू झाली. एका सकाळी दाराशी ऑटो थांबला. मावशी उतरल्या, मागून त्यांची मुलगी, आणि मग ती अकोटची विहीण. लग्नाचा बस्ता घ्यायला आल्या होत्या. मुलीचा बस्ता आपल्याच दुकानातून घेईन असं मावशी वर्षानुवर्षं म्हणायच्या. मला वाटलं होतं ते आता संपलं.

भाऊ पुढे झाला. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड तसंच उघडं ठेवून उभा राहिला. कोणता शब्द म्हणायचा ते त्याला कळेना. मावशींनी त्याची अडचण ओळखली. पायरीवरूनच, पूर्वीच्या आवाजात, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “वहिनी, पाहुणे आले हो!”

आणि गादीवर गिऱ्हाइकाच्या बाजूने जाऊन बसल्या.

मी नव्या मुलींना बाजूला केलं आणि स्वतः साड्या टाकल्या. मावशींनी सगळं घेतलं. मुलीचा शालू, मानापानाच्या साड्या, विहिणीसाठी एक गर्द हिरवी. प्रत्येक साडीचा टॅग त्यांनी उलटून पाहिला आणि साडी बाजूला ठेवली. एकदाही कितीले म्हणाल्या नाहीत. विहीण शेजारी बसून सगळं बघत होती. त्या टॅगवर किती जागा सोडलेली असते हे मावशींइतकं कोणाला माहीत होतं? त्यातले निम्मे टॅग त्यांच्याच हातचे होते. मावशींचे मालक बाहेरून आले आणि खिशात हात घालून उभे राहिले.

मला राहवेना. मी गादीवर त्यांच्याजवळ वाकले आणि हळूच म्हटलं, “मावशी, असं काय करता? भाव करा ना.”

“एकच भाव हाये ना इथं?” त्यांनी पाटीकडे पाहिलं.

“तुमच्यासाठी नाही.”

“काहून?” मावशी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. “मी कोन होय तुमची?”

सगळं दुकान ऐकत होतं, ती विहीणही ऐकत होती. मला तो ब्लेझरवाला नको होता, नवरा नको होता, नफा नको होता. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “तुम्ही घरच्या आहात, मावशी.”

माझ्या मागे खटखट आवाज झाला. वळून पाहिलं तर भाऊने कॅल्क्युलेटर पुढे ओढलं होतं आणि शब्द ऐकल्याबरोबर भाव कमी करायला घेतला होता.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“राहू दे भाऊ,” त्या म्हणाल्या, “पुरा भाव लाव.”